वरून पाणी आलं, क्लेम करायचा का?

ताई, मडगावच्या तुमच्या फ्लॅटमध्ये वरच्यांचा पाइप फुटून छत भिजलं, भाडेकरूचा पलंग गेला, क्लेम करू का, असं विचारलंत. आधी पाणी कुठून आलं ते पक्कं करा. भारत गृह रक्षा या घराच्या विमा पॉलिसीत पाइप किंवा टाकी फुटून झालेलं नुकसान बसतं. आपल्याकडच्या पावसात भिंतीतून हळूहळू झिरपलेली ओल बसत नाही. विमा कंपनीने नुकसान तपासायला नेमलेला सर्वेअर नेमकं तेच बघतो. म्हणून फुटलेला तुकडा प्लंबरला टाकू देऊ नका, फुगलेल्या प्लास्टरचे फोटो रंगकामाआधी काढा. नुसता रंगाचा खर्च असेल तर एवढा व्याप करू नये, असं माझं मत. वायरिंग गेलं असेल तर मात्र नक्की करा. भाडेकरूचा पलंग तुमच्या पॉलिसीत येणार नाही, त्याला हे आत्ताच सांगा.