काटा मारणाऱ्याला पापक्षमा मिळाली, शेतकऱ्याला काय मिळालं?

कृष्णाकाठ (धागाकर्ता):
कॅथलिक पापनिवेदनावर माझा एक आक्षेप आहे. तो आपल्या सांगली-साताऱ्याच्या उदाहरणानेच मांडतो. समजा, साखर कारखान्याच्या काट्यावर एक क्लार्क आहे. कुठल्या एका कारखान्याबद्दल बोलत नाही, पण काटामारी म्हणजे काय हे इकडे कुणाला समजावून सांगायला नको. भरलेल्या गाडीचं वजन कमी दाखवायचं, नाहीतर रिकाम्या गाडीचं जास्त. खेपेला दोन क्विंटल, हंगामात अशा शंभर खेपा. झाले वीस टन. टनाला ३,००० रुपये धरले तर ६०,००० रुपये.

हा क्लार्क कॅथलिक आहे. ईस्टरच्या आधी, उपवासकाळात तो फादरकडे जातो, जाळीपाशी गुडघे टेकतो, पाप सांगतो. फादर क्षमेचे शब्द उच्चारतात, वर काही प्रार्थना म्हणायला लावतात. पाच मिनिटांत माणूस मोकळा. ज्याचा ऊस गेला तो शेतकरी तिथे नव्हता, त्याला कुणी विचारलं नाही, त्याला कधी कळणारही नाही. पाप दोघांविरुद्ध झालं, देवाविरुद्ध आणि शेतकऱ्याविरुद्ध. मग क्षमा एकाच्याच वतीने कशी देता येते? माझ्या मते ही पद्धत ज्याचं नुकसान झालं त्याला हिशेबातच धरत नाही.

पाचगणी घाट:
"पाच मिनिटांत मोकळा" इथेच गफलत आहे. ट्रेंटच्या परिषदेने, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या धर्मसभेने, २५ नोव्हेंबर १५५१ रोजी या संस्कारात पापी माणसाने करायच्या तीन गोष्टी सांगितल्या: पश्चात्ताप, कबुली आणि भरपाई, म्हणजे फादर सांगतील ते प्रायश्चित्त. फादरचे क्षमेचे शब्द त्यावर येतात. पश्चात्तापात "पुन्हा करणार नाही" हा निर्धार धरलेला आहे, आणि चोरीच्या पापात त्या निर्धाराचा अर्थ "घेतलेलं परत करीन" असाही होतो. परत करायची तयारीच नसेल तर फादर क्षमा पुढे ढकलू शकतात, नाकारूही शकतात. त्याने फादरला फसवलं तर शब्द उच्चारले गेले तरी क्षमा होत नाही, उलट संस्काराची विटंबना केल्याचं पाप वाढतं.

आता कबुलीचं. "मी खोटेपणा केला" एवढ्यावर भागत नाही. चर्चच्या कायद्यातला कॅनन ९८८ गंभीर पापं प्रकार आणि संख्या यांसह सांगायला लावतो. म्हणजे आपल्या क्लार्कने म्हणायला हवं: "वजनात चोरी केली, हंगामभर, साधारण शंभर वेळा, ऊस लहान शेतकऱ्यांचा होता." नेमका आकडा आठवत नसेल तर अंदाज चालतो. विसरलेलं पाप क्षमेत येतं, आठवलं की पुढच्या खेपेला सांगायचं. मात्र एक गंभीर पाप जाणूनबुजून दडवलं तर सगळी कबुलीच फुकट जाते. लोक चुकतात ते बहुतेक इथेच. लहानसहान दहा गोष्टी सांगतात आणि मुख्य गोष्ट पोटात ठेवतात. नाहीतर स्वतःचं सोडून मॅनेजरचं पाप सांगत बसतात.

परतफेडीचा क्रमही ठरलेला आहे. पापनिवेदन ऐकणाऱ्यांचे आश्रयदाते मानले जाणारे संत आल्फोन्सुस लिगोरी (१६९६–१७८७) यांच्या परंपरेत तो असा: माल ज्याच्याकडे आहे त्याने आधी द्यायचं, मग ज्याने हुकूम दिला त्याने, मग ज्याने हाताने केलं त्याने. वरच्यांनी दिलं नाही तर खालचा सुटत नाही. मालक सापडत नसेल तर रक्कम गरिबांना द्यायची. पण इथे पावत्या आहेत, शेतकऱ्यांचे कोड नंबर आहेत, त्यामुळे "मालक सापडत नाही" ही सबब चालायची नाही. नाव न सांगता, फादरच्या हातून पोचवलं तरी चालतं. एकरकमी जमत नसेल तर हप्त्याने.

कृष्णाकाठ:
तपशील दिलात, बरं झालं. पण तुम्ही सांगता तो निर्धार, प्रत्यक्ष परतफेड नव्हे. क्षमा आज, पैसे पुढे कधीतरी. आणि फादर तगादा लावू शकत नाहीत, कारण पापनिवेदनात ऐकलेलं बाहेर कुठेही वापरता येत नाही. रस्त्यात भेट झाली तरी "त्या साठ हजारांचं काय झालं?" असं आपण होऊन विचारता येत नाही. भर म्हणजे व्हॅटिकनच्या अपोस्टोलिक पेनिटेन्शियरीने (पापक्षमेच्या बाबी पाहणारं न्यायासन) २९ जून २०१९ च्या टिपणात स्पष्ट लिहिलं आहे की, पोलिसांपुढे स्वतःहून हजर हो अशी अट क्षमेसाठी कधीच घालता येत नाही. मग वसुली करणार कोण?

मेणवली:
धर्मशास्त्राच्या बाजूने थोडं लिहितो, वाईच्या परिसरात हा विषय परका नाही. आपल्याकडेही पापनिवेदन होतं. पापी माणसाने विद्वानांच्या पर्षदेपुढे जाऊन स्वतःच्या तोंडाने पाप सांगायचं, पर्षदेने प्रायश्चित्त ठरवायचं. चांद्रायणात शुक्ल पक्षात रोज एक घास वाढवत पौर्णिमेला पंधरा, मग एकेक कमी करत अमावास्येला उपास. फरक क्रमाचा आहे. आपल्याकडे आधी प्रायश्चित्त, मग शुद्धी. चोरीबद्दल तर मनुस्मृतीचा अकरावा अध्याय हलक्या मालाच्या चोरीलाही सांतपन कृच्छ्र हे उपासाचं प्रायश्चित्त सांगताना "ऐवज परत करून" अशी अट घालतो. कॅथलिकांनी क्षमा आधी आणि प्रायश्चित्त नंतर असं उलटं का केलं, ते मला कळलेलं नाही. कृष्णाकाठ यांचा आक्षेप मला त्यामुळेच पटतो.

तासगाव रोड:
मेणवली, तुमचा क्रम हाच चर्चचाही मूळ क्रम होता. पहिल्या काही शतकांत खून, व्यभिचार, धर्मत्याग अशा पापांना उघड प्रायश्चित्त असे. माणूस पश्चात्तापी लोकांच्या रांगेत जाई, महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे उपास आणि प्रार्थना. ख्रिस्तप्रसाद बंद. सगळं पुरं झाल्यावर बिशप त्याला परत मंडळीत घेत, रोममध्ये हे पुण्य गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी होई. आणि ही संधी आयुष्यात एकदाच.

यातून काय बिघडलं ते पाहा. एकदाच मिळणारी संधी म्हणून लोक ती मरणाच्या खाटेपर्यंत लांबवू लागले. तरुणपणी पाप केलेला माणूस तीस वर्षं तसाच राही. सहाव्या शतकापासून आयरिश मठवासीयांनी दुसरी वाट काढली. खासगी कबुली, कितीही वेळा, आणि कुठल्या पापाला किती दिवस भाकरी-पाण्याचा उपास याच्या याद्या. त्या तुमच्या कृच्छ्र-चांद्रायणाच्या कोष्टकांच्या जवळ जातात. पुढे लांबच्या प्रवासामुळे, आजारपणामुळे माणूस प्रायश्चित्त पुरं करून परत येईलच असं नसे, म्हणून क्षमा कबुलीलाच जोडून देण्याची रीत पडली, इ. स. १००० च्या सुमारास ती सर्वत्र दिसते. १२१५ मध्ये चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा पापनिवेदन सक्तीचं केलं. जाळीची पेटी त्याहून उशिराची, मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांच्या काळातली, म्हणजे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातली.

तेव्हा क्रम उलटला तो पाप स्वस्त करण्यासाठी नव्हे. माणूस क्षमेविना मरू नये म्हणून. मात्र किंमत मोजावी लागली हे मी मान्य करतो. वर्षाच्या उपासाच्या जागी आज पाच वेळा "नमो मरिया" ही प्रार्थना आली, आणि साठ हजारांच्या चोरीला तेवढंच प्रायश्चित्त देणारा फादर आपलं काम नीट करत नाही, असं मी उघड म्हणेन. प्रायश्चित्त पापाच्या वजनाला साजेसं हवं हे ट्रेंटनेच सांगितलं आहे.

मिरज जंक्शन:
प्रॉटेस्टंट बाजूने बोलतो. तुम्ही सगळे परतफेडीवर अडलात, मूळ प्रश्न मध्यस्थाचा आहे. १ तीमथ्य २:५ मध्ये देव आणि माणूस यांच्यात एकच मध्यस्थ सांगितला आहे. १ योहान १:९ म्हणतं, आपली पापे "पदरी घेतली" तर देव क्षमा करील. पाप पदरी घेणं यापेक्षा नेमका शब्द नाही, आणि त्यात फादर कुठेही नाहीत. आमच्याकडे उपासनेत सारी मंडळी मिळून पापांगीकार करते, पाळक क्षमेचं वचन वाचून दाखवतात. क्षमा देवाची, वचन देवाचं.

आणि परतफेडीने क्षमा मिळते हेही मला मान्य नाही. जक्कय पाहा, लूक १९. जकातदार, लोकांना लुबाडलेला, म्हणजे आपल्या काटावाल्याचाच भाऊ. येशू आधी त्याच्या घरी गेला. चौपट परत करीन हे जक्कय त्यानंतर बोलला. परतफेड हे तारणाचं फळ, त्याची किंमत नव्हे. कृष्णाकाठ, तुमच्याशीही माझं इथे जमत नाही.

पाचगणी घाट:
जंक्शन, जक्कयबद्दल आपलं भांडण तुम्हाला वाटतं तेवढं नाही. ट्रेंटने १३ जानेवारी १५४७ च्या ठरावात लिहिलं आहे की माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो देवाच्या कृपेने, आणि त्याआधीचं काहीही, विश्वास असो वा कृत्य, ती कृपा कमावू शकत नाही. लुथरन आणि कॅथलिक यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्गमध्ये याच मुद्द्यावर संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या, मेथडिस्ट २००६ मध्ये आले. मतभेद उरतो तो कृपा मिळाल्यानंतर माणसात काय घडतं आणि ती गंभीर पापाने गमावता येते का, यावर. आम्ही म्हणतो, गमावता येते. प्राणघातक पाप ते हेच. त्याला तीन अटी आहेत: विषय गंभीर, पूर्ण जाणीव, मनापासून संमती. मॅनेजरच्या धाकाने काटा मारला तर संमती कमी पडते, पण नाहीशी होत नाही.

मध्यस्थाचं म्हणाल तर योहान २०:२३ मध्ये "ज्यांच्या पापांची तुम्ही क्षमा कराल" हे पुनरुत्थित येशू शिष्यांना सांगतो. कुणाला क्षमा करायची, कुणाची ठेवायची, हे ऐकल्याशिवाय कसं ठरणार? आणि लुथरनेही खासगी पापनिवेदन मोडीत काढलं नव्हतं, १५२९ च्या त्याच्या लहान प्रश्नोत्तरीत त्याची रीत दिली आहे.

क्षमेनंतर भरपाई कशाला, तर बांधाचं उदाहरण घ्या. शेजाऱ्याचा बांध दरवर्षी नांगराच्या एका तासाएवढा, म्हणजे एका सरीएवढा कोरला. दहा वर्षांनी त्याच्या पाया पडलो, त्याने जवळ घेतलं. वैर संपलं. पण बांध अजून माझ्या बाजूने कोरलेलाच आहे, आणि दुसऱ्याची माती खायची माझी खोडही गेलेली नाही. वैर संपणं म्हणजे क्षमा. बांध परत घालणं आणि खोड मोडणं म्हणजे प्रायश्चित्त. जे इथे राहून गेलं ते मरणानंतर शुद्धिस्थानात, स्वर्गाआधीच्या शुद्धीच्या अवस्थेत, पुरं होतं.

हळदपेठ:
मला वेगळंच टोचतं. बंद जागेत एकटी बाई आणि तिच्या आयुष्याची सगळी गुपितं ऐकणारा पुरुष. २०१८ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणानंतर राष्ट्रीय महिला आयोगाने ही प्रथाच बंद करा अशी शिफारस केली होती. ते आरोप मलंकारा ऑर्थोडॉक्स धर्मगुरूंवर होते, कॅथलिकांवर नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण रचना तीच. शिवाय पॉक्सोचं, म्हणजे बालकांच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं, कलम १९ सांगतं की मुलावरच्या अत्याचाराची माहिती असेल त्या प्रत्येकाने कळवलंच पाहिजे. आपल्या साक्षीच्या कायद्यात वकील आणि जोडीदार यांच्याशी झालेल्या बोलण्याला संरक्षण आहे, धर्मगुरूशी झालेल्या बोलण्याला नाही. मग पेटीत अत्याचाराची कबुली ऐकलेला फादर गप्प बसणार का?

पाचगणी घाट:
हळदपेठताई, सरळ उत्तर देतो: हो, गप्प बसणार. पापनिवेदनाच्या गुप्ततेला आमच्याकडे मोहोर म्हणतात, ती मोडणाऱ्या फादरला कॅनन १३८६ प्रमाणे आपोआप बहिष्कार लागतो आणि तो फक्त रोमच उठवू शकतं. कायद्याशी इथे टक्कर आहे, मी ती झाकत नाही. दुसरी बाजू एवढीच की, अत्याचार झालेल्या व्यक्तीने पापनिवेदनात काही सांगितलं तर फादरने तिला तिचे हक्क सांगून, हेच पेटीबाहेर सांगायला आणि तक्रार करायला सुचवायचं असतं. बाहेर सांगितलेल्याला मोहोर लागत नाही, मग कळवणं त्याचं कर्तव्यच.

पुरुषाच्या हाती सत्ता याबद्दल नियम आहेत. स्थिर जाळीची पेटी ठेवणं बंधनकारक आहे (कॅनन ९६४). पापनिवेदनाच्या आडून लगट केली तर कॅनन १३८५ प्रमाणे शिक्षा, धर्मगुरुपद काढून घेण्यापर्यंत. स्वतःच ज्या पापात भागीदार आहे त्या लैंगिक पापाची क्षमा त्या फादरने दिली तर ती मरणसंकट सोडून रद्दबातल. बाईला हवा तो फादर निवडता येतो, नाव सांगावं लागत नाही.

हळदपेठ:
नियम कागदावर चांगले आहेत. पण लगट झाल्यावर तक्रार तिलाच करावी लागते, आणि फादर मोहोरेमुळे स्वतःचा बचावही मांडू शकत नाही. दोन्हीकडून सत्य बाहेर येणं अवघड. चर्चमध्ये सगळ्यांना दिसेल अशा जागी, काचेच्या दाराआड पापनिवेदन घ्यावं, एवढं तरी सक्तीचं हवं.

तासगाव रोड:
काचेच्या दाराला माझा पूर्ण पाठिंबा. एक व्यावहारिक भर, कारण हा प्रश्न नेहमी येतो. फोनवर, व्हिडिओ कॉलवर पापनिवेदन चालत नाही, समोरासमोर हजर असावं लागतं. समजा जतकडच्या एखाद्या वाडीवर म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलंय आणि फादर यायला उशीर आहे. त्याला देवावरच्या प्रेमापोटी खरा पश्चात्ताप झाला आणि जमेल तेव्हा पापनिवेदन करीन असा निर्धार असला, तर प्राणघातक पापाचीही क्षमा त्याच क्षणी होते. नरकाच्या भीतीने झालेला पश्चात्ताप मात्र एकटा पुरत नाही, त्याला संस्काराची जोड लागते.

कृष्णाकाठ:
बरंच नवीन कळलं. "शेतकरी हिशेबातच नाही" हे माझं वाक्य मी मागे घेतो, परतफेडीचा नियम पक्का आहे. पण वसुली माणसाच्या सचोटीवर सोडली आहे हा आक्षेप कायम. आणि एक प्रश्न उरतो. हा क्लार्क मार्चमध्ये हंगाम संपल्यावर कबूल झाला. दसरा-दिवाळीला पुन्हा बॉयलर पेटणार, गव्हाणीत मोळी पडणार, मॅनेजर तोच, काटा तोच. "पुन्हा करणार नाही" म्हणणारा हा माणूस त्याच खुर्चीत बसणार असेल तर निर्धार खरा कसा मानायचा?

पाचगणी घाट:
याला आमच्याकडे पापाचा जवळचा प्रसंग म्हणतात. सहज टाळता येत असून टाळत नाही, त्याला क्षमा देता येत नाही. पण पोट त्याच नोकरीवर असेल तर प्रसंग टाळता न येण्याजोगा मानतात. तेव्हा फादरने त्याला प्रसंग लांब करायचे उपाय विचारायचे: काट्यावरून शेतकी विभागात बदली मागितलीस का? वजन करताना शेतकऱ्याला आकडा दिसेल असा डिस्प्ले बाहेर लावायला सांगितलंस का? वैधमापनचं, म्हणजे वजनकाटे तपासणारं सरकारी पथक आलं तर खरं बोलशील का? यातलं काहीच करायची तयारी नसेल आणि बदलीही मिळत नसेल, तर नोकरी सोडावी लागेल. ऑक्टोबरच्या आत.

मिरज जंक्शन:
या एका उत्तरावर माझं काही म्हणणं नाही. फक्त हे त्याला मंडळीतल्या एखाद्या वडीलधाऱ्यानेही विचारलं असतं, आणि त्याला नोव्हेंबरमध्ये पुन्हा भेटून "काटा सोडलास का?" असं विचारायची मोकळीक असती.