गेटवरच्या मधाची परीक्षा: आमच्या सोसायटी ग्रुपवरची चर्चा

मंदार (ए-१०३): गेटवर मधवाला आलाय. बादलीत पोळं आहे, ताजं दिसतंय. पाण्याच्या ग्लासात थेंब टाकून दाखवला, सरळ तळाला गेला, विरघळला नाही. कापसाची वात बुडवून पेटवली, तीही जळली. मी दोन किलो घेतोय. अजून कोणाला हवाय?

शुभदा मावशी (ए-३०१): मला अर्धा किलो घे रे. आणि पेपरवर एक थेंब टाकून बघ. कागदाला ओल आली नाही तर अस्सल.

प्रभाकर काका (सेक्रेटरी): आमच्या गावाकडे म्हणायचे, शुद्ध मध कुत्रा चाटत नाही आणि मुंग्या लागत नाहीत.

सुलभा काकू (सी-४०२): मंदार, पैसे द्यायच्या आधी थोडा थांबशील का? मी गॅसवर साखरेचा पाक ठेवलाय. याच सगळ्या परीक्षा त्या पाकाची घेऊन दाखवते.

मंदार: पाकाची कशाला काकू?

सुलभा काकू: पाक मध नाही हे आपल्याला पक्कं माहीत आहे म्हणून. जो नापास व्हायलाच हवा तोही पास झाला, तर त्या परीक्षेवरून मधाबद्दल काहीच कळत नाही.

सुलभा काकू: [फोटो] डावीकडे घरातला मध, उजवीकडे पाक. गुलाबजामच्या पाकाला साखर धरू नये म्हणून आपण लिंबू पिळतो, तसंच पिळलं आणि चांगला दाट होईपर्यंत आटवला. गार झाल्यावर दोन्हींचा थेंब पाण्यात सोडला. दोन्ही तळाला बसले. चमच्याने ढवळल्यावर दोन्ही विरघळले. पेपरवर दोन्ही तसेच फुगून राहिले. वातही दोन्हींत जळली. मुंग्यांचं म्हणाल काका, तर ओट्यावर दोन्ही बश्यांना लागल्या आहेत.

निखिल (बी-१०२): पण काकू, पाण्याची आणि वातीची परीक्षा एफएसएसएआयच्या, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या पुस्तिकेतसुद्धा आहे.

सुलभा काकू: आहे ना. मधात कोणी पाणी किंवा पातळ पाक घातला असेल तर ती उपयोगी आहे. थेंब लगेच पसरतो, वात तडतडते. म्हणजे त्यातून कळतं ते दाटपणा आणि पाण्याचं प्रमाण. पाक आटवून दाट केला की परीक्षा हरली. शिवाय लिंबाच्या आंबटाने आणि उष्णतेने साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. मधातल्या मुख्य साखराही याच दोन.

आणि उलटंही होतं. माश्या पोळ्यातला मध पंखांनी वारा घालून आटवतात आणि तयार झाला की वरून मेणाचं झाकण लावतात. झाकण लागायच्या आधीच पोळं पिळलं तर अस्सल मधही पातळ निघतो आणि पाण्यात पसरतो. थंडीत मध रवाळ होतो तर लोक "साखर निघाली" म्हणून फेकून देतात. तो ग्लुकोज गोठतो, त्यात भेसळ नसते. बाटली कोमट पाण्यात ठेवली की सुटतो.

निखिल: मग प्रयोगशाळेत कसं ओळखतात?

सुलभा काकू: एक पद्धत कार्बनच्या समस्थानिकांची, म्हणजे कार्बनच्याच हलक्या-जड अणूंचं प्रमाण मोजायची. ऊस आणि मका हवेतला कार्बन एका रीतीने धरतात, माश्या जातात त्या बहुतेक फुलझाडांची रीत वेगळी. त्यामुळे उसाची किंवा मक्याची साखर पकडली जाते. पण तांदूळ त्या फुलझाडांच्याच गटातला, म्हणून तांदळाचा सिरप यातून निसटतो. २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने १३ ब्रँड तपासले. इथल्या चाचण्यांत मोठे ब्रँड जवळपास सगळे पास झाले. तेच नमुने जर्मनीत एनएमआर तपासणीला (चुंबकीय यंत्राने मधातल्या घटकांची ओळख पटवतात ती) पाठवले, तेव्हा १३ पैकी ३ टिकले. कंपन्यांनी हा निष्कर्ष नाकारला, तेही सांगायला हवं. पण जिथे प्रयोगशाळांचा कस लागतो, तिथे ग्लासातल्या थेंबावर दोन किलोचे पैसे देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मंदार: मग त्याला नाही म्हणू?

सुलभा काकू: तो खोटारडा आहे असं मी म्हणत नाही. त्याचा मध अस्सलही असेल. एवढ्यावरून ठरत नाही, इतकंच. घ्यायचाच तर पावकिलो घे. महाबळेश्वरजवळच्या मांघरला २०२२ पासून 'मधाचं गाव' म्हणतात. तिकडे कोणी गेलं तर पेट्या बघून, मध काढणाऱ्याशी बोलून आणता येईल.

अमृता (बी-५०४): काकू, मग बाळाच्या गुटीसाठी कोणता घेऊ? दीड महिन्याचं आहे. आईंनी खालून घेतलाय मगाशीच.

सुलभा काकू: अमृता, बाळाला कोणताच नको. डॉक्टर, तुम्ही सांगा ना.

डॉ. गौरी (सी-२०३): एक वर्ष होईपर्यंत मधाचं बोटसुद्धा नको. मधात क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची कवचातली सुप्त रूपं, असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते सहसा रुजत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात रुजून विष तयार करू शकतात. आधी बद्धकोष्ठता, मग दूध ओढण्यात जोर नाही, रडणं क्षीण, मान ढिली. असं दिसलं तर घरी थांबायचं नाही. आणि मध शुद्ध असला तरी हा धोका असतोच. घरी उकळूनही बीजाणू मरत नाहीत.

विद्याताई (बी-५०४): डॉक्टर, मी माझ्या तिन्ही मुलांना मध चाटवलाय. कोणाला काही झालं नाही.

डॉ. गौरी: ताई, झालं नाही हे खरंच आहे, आजार दुर्मिळ आहे. पण तीन मुलांवरून दुर्मिळ गोष्ट दिसत नाही. झाला तर बाळाला श्वासाच्या यंत्रावर ठेवायची वेळ येऊ शकते. एवढी जोखीम घ्यावी असा काही फायदा त्या बोटात नाही.

शुभदा मावशी: मग खोकल्याला मध हेही खोटंच का?

डॉ. गौरी: नाही मावशी, ते बरंच टिकलंय. इस्रायलमध्ये १ ते ५ वर्षांच्या ३०० मुलांवर अभ्यास झाला, २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना झोपताना मध दिला, काहींना खजुराचा अर्क. रंग, चव, दाटपणा मधासारखाच, म्हणजे कोणाला काय मिळालं ते आईवडिलांना कळू नये. रात्रीचा खोकला दोन्ही गटांत कमी झाला, पण मधाच्या गटात जास्त. सुलभाताईंचा पाक आणि तो खजूर, दोघांचं काम एकच: मधाशी तुलना करायला. एक वर्षावरच्या मुलाला रात्री चमचाभर मध जरूर द्या.

प्रभाकर काका: सुलभाताई, हे सगळं रविवारी क्लबहाउसमध्ये मुलांसमोर करून दाखवाल का? कुत्र्याची परीक्षा राहिलीच आहे.

सुलभा काकू: नक्की. बश्यांवर नावं न लिहिता फक्त आकडे घालू. कशात काय आहे ते एका कागदावर लिहून तुमच्याकडे ठेवा, मलाही सांगू नका.

विद्याताई: डॉक्टर, मग गुटी कशात उगाळायची?

डॉ. गौरी: सहा महिन्यांपर्यंत फक्त अंगावरचं दूध, ताई. गुटी नको, वरचं पाणीही नको. सोमवारी बाळाला वजनाला आणाल तेव्हा सविस्तर बोलू.

विद्याताई: बरं. आणलेला मध मग मी माझ्या खोकल्यालाच ठेवते. सोमवारी किती वाजता येऊ?

डॉ. गौरी: साडेदहाला या.