अनुताईंचे नाव घेऊन सेविकेचा पगार किती दिवस अडवणार?

ओसरी (धागाकर्ती): ‘बालशिक्षिका पगाराच्या गोष्टी करू लागली की तिच्यातली अनुताई संपते,’ असे एका सदस्याने परवा अंगणवाडी सेविकांच्या मानधनवाढीच्या चर्चेत लिहिले आणि बऱ्याच जणांनी त्यास दाद दिली. ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून हा स्वतंत्र धागा. ताराबाई मोडकांनी राजकोटच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद सोडून भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांसोबत बालशिक्षणाचे काम करणे पसंत केले, हे खरे. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ १९४५ मध्ये ताराबाईंसोबत डहाणूजवळच्या बोर्डी गावी आल्या आणि पुढचे आयुष्य त्याच कामात घालवले, हेही खरे. पण त्यांनी स्वखुशीने पत्करलेली ओढाताण दुसरीच्या पोटावर लादण्याचा अधिकार कोणी दिला? माझी आई सव्वीस वर्षे अंगणवाडी सेविका होती. मुले गोळा करणे, गाणी-गोष्टी घेणे, झोळीत घालून वजन करणे, आहाराची नोंद ठेवणे आणि रात्री जेवणानंतर ओट्यावरच रजिस्टर पसरून रकाने भरणे, असा तिचा दिवस असे. हाती पडे त्यास ‘मानधन’ म्हणत, कारण ‘पगार’ म्हटले की पुढे पेन्शनही विचारावे लागते.

पाटीपेन्सिल: ते वाक्य माझेच आहे आणि मी ते मागे घेणार नाही. आपल्या मातोश्रींविषयी आदर आहे, पण माझा रोख सहा महिन्यांचा डिप्लोमा करून ‘करिअर’ म्हणून या क्षेत्रात उतरणाऱ्यांवर होता. माझी नात साडेतीन वर्षांची आहे. शाळेच्या फलकावर ठळक ‘माँटेसरी’ लिहिलेले आहे, त्या पद्धतीची मुलांनी हाताळायची साधने, म्हणजे दट्ट्यांचे ठोकळे आणि गुलाबी मनोरा, काचेच्या कपाटात कुलूपबंद आहेत, आणि पोर रोज ‘ए’पासून ‘झेड’पर्यंत पान भरून आणते. पेन्सिल मुठीत आवळून तिचे बोट लाल झालेले असते. निष्ठा असती, तर त्या बाईंनी हे केले असते का?

चिऊचे घर: काका, ‘त्या बाई’ म्हणजे माझ्यासारख्याच कोणीतरी. कपाट बंद का असते ते सांगते. मी पूर्वी ज्या शाळेत होते, तिथे एक दट्ट्या हरवला म्हणून माझ्या आठ हजारांतून पैसे कापले गेले. त्यानंतर मीही कुलूप लावू लागले. मातीकाम, मणी ओवणे, फाडकाम यांतून बोटे तयार झाल्यावरच पेन्सिल द्यावी, हे मला पुरते ठाऊक आहे. पण पालकसभेत ‘वही कोरी का?’ असा प्रश्न आला की व्यवस्थापन माझ्याकडे बघते.

दोन_मुलांचा_बाप: आले सगळे पालकांवर! माझ्या धाकट्याने एक वर्ष आपल्या त्या ‘आनंददायी’ बालवाडीत वाळूत खेळून काढले. पहिलीच्या प्रवेशावेळी त्याच्यापुढे कागद ठेवून नाव लिहायला सांगितले, ते त्याला येईना, आणि प्रवेश हुकला. प्रवेशासाठी मुलांची चाचणी घेण्यास शिक्षणहक्क कायद्याने मनाई आहे हे मीही वाचले आहे. त्या टेबलासमोर बसून कायदा म्हणून दाखवण्याचे धैर्य आपल्यापैकी किती जणांना झाले असते? तत्त्वे तुमची आणि वर्ष वाया जाणार आमच्या पोराचे.

चिऊचे घर: मग त्या टेबलामागे बसलेल्यांशी भांडा. आमच्या अडीच-तीन वर्षांच्या मुलांची बोटे कशाला वाकवता?

पाटीपेन्सिल: भांडण भलतीकडे चालले आहे, तरी या मुद्द्यावर मी चिऊताईंच्या बाजूने आहे, हे नाइलाजाने नोंदवतो.

कुरणशाळा: पाटीपेन्सिल, आपण अनुताई आणि ताराबाईंची फक्त त्याग केल्याची गोष्ट उचलता, काम मात्र बघत नाही. माँटेसरीबाईंची महागडी साधने खेड्यात परवडणार नाहीत, म्हणून या दोघींनी शिंपले, बिया, खडे, पाने यांतून साधने केली. हरवली तर मुलेच नवी वेचून आणणार. पाड्यावरची मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली, आणि गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात भरवली. एवढे सुचायला बालमनाचा अभ्यास लागतो. त्या अभ्यासाला आपण ‘निष्ठा’ म्हणता, म्हणजे त्याचे मोल द्यावे लागत नाही.

ओसरी: नेमके हेच म्हणायचे होते. ‘अंगणवाडी’ हा शब्द बोर्डी-कोसबाडच्या कामातून आला आणि १९७५ च्या एकात्मिक बाल विकास योजनेने तो देशभर नेला. शब्द घेताना शिक्षिका मात्र ‘सेविका’ झाली. केंद्राने २०१८ मध्ये तिचे मानधन दरमहा ३,००० वरून ४,५०० रुपये केले, राज्याची भर वेगळी. ती ग्रॅच्युइटीस पात्र आहे, हे सांगायला एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालय लागले. आई त्याआधीच निवृत्त झाली होती. निरोपाला तिला साडी, नारळ आणि ‘निःस्वार्थ सेवा’ असे छापलेले प्रमाणपत्र मिळाले.

पाटीपेन्सिल: प्रमाणपत्राचे वाचून वाईट वाटले. पगार द्यावा, चांगला द्यावा, मान्य. मात्र तो घेऊनही जी साडेतीन वर्षांच्या मुलीकडून पान भरून घेईल, तिला मी बालशिक्षिका म्हणणार नाही.

चिऊचे घर: नका म्हणू. नातीची वही घेऊन येत्या पालकसभेला या, आणि तिथल्या बाईंऐवजी व्यवस्थापनाला हे सुनवा.