हेल्माँट आणि शस्त्राला लावायचं मलम
सतराव्या शतकात युरोपात जखम बरी करायला मलम जखमेवर नाही, तर ती करणाऱ्या तलवारीला लावायचे. जखम नुसती धुऊन स्वच्छ कापडात बांधून ठेवायचे, म्हणून ती बरी व्हायची, असं सांगतात ते पटतं. त्या काळी थेट जखमेवर काय काय थापलं जायचं ते पाहता तसंच झालं असणार. पण ‘लोक याला जादूटोणाच समजत’ असंही म्हटलं जातं, ते मात्र मान्य नाही. १६०० साली विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्याने पृथ्वी हाच एक मोठा चुंबक असल्याचं मांडलं होतं. न शिवता लोखंड ओढलं जातं, तर शस्त्रावरचं रक्त आणि अंगातलं रक्त यांच्यात ओढ का नसावी, हा प्रश्न तेव्हाच्या अभ्यासूंना अजिबात वेडगळ वाटत नव्हता.

अशांपैकीच एक हेल्माँट, आजच्या बेल्जियममधला वैद्य आणि रसायनशास्त्रज्ञ. ‘गॅस’ हा शब्द देणारा हाच तो. जेझुइट या कॅथलिक संघाचा पाद्री रोबेर्ती या मलमाबद्दल म्हणत होता, ही सैतानाची करणी. हेल्माँटचं म्हणणं, हे निसर्गातलंच चुंबकत्व आहे. संतांच्या अवशेषांनी येणारा गुणही त्याने त्याच माळेत ओवला. १६२१ मध्ये त्याचा हा प्रबंध पॅरिसला छापला गेला, चर्चची चौकशी मागे लागली आणि १६३४ मध्ये अटक होऊन पुढे तो नजरकैदेत राहिला. निसर्गाचं कारण शोधणाऱ्या माणसाला हे भोगावं लागलं, याचं मला फार वाईट वाटतं.