टॅली ईआरपी ९ वरून टॅलीप्राइमवर जावं का? अनुभवी मंडळींचा सल्ला हवाय

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी.

कराडजवळ आमचं पंप, पाइप आणि ठिबकचं दुकान आहे. वडील आणि चुलत्यांची भागीदारी. २०११ पासूनचा सगळा हिशेब टॅली ईआरपी ९ या सॉफ्टवेअरमध्ये आहे, दोन मशीनवर. टॅलीप्राइम ही त्याचीच नवी आवृत्ती. टीएसएस (टॅलीचे अपडेट मिळण्यासाठीची वर्गणी) २०२१ नंतर भरलेलं नाही. गेल्या वर्षीची उलाढाल साडेचार कोटींच्या आसपास.

इतकी वर्षं काही अडलं नाही. पण २२ सप्टेंबर २०२५ ला ठिबकचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा एकेक आयटम उघडून दर बदलण्यात आमचे दोन दिवस गेले. शिवाय मे २०२५ पासून जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) मध्ये एचएसएनचा, म्हणजे मालाच्या कोडवार विक्रीचा, तक्ता बी-टू-बी (नोंदणीकृत व्यापाऱ्यांना) आणि बी-टू-सी (इतर गिऱ्हाइकांना) असा वेगळा द्यावा लागतो. आमच्या जुन्या आवृत्तीतून तो तसा निघत नाही. सीएंच्या ऑफिसातला मुलगा दर महिन्याला एक्सेलमध्ये फोड करत बसतो आणि आता ते म्हणतात, एकतर सॉफ्टवेअर बदला नाहीतर या कामाचे वेगळे पैसे लागतील.

वडिलांचं म्हणणं, चालू गाडीला हात लावायचा नाही. त्यांचंही खोटं नाही. आमचे दिवाणजी वीस वर्षं हिशेब बघतात, स्क्रीनकडे न बघता पावती टाकतात. त्यांचा हात अडला तर दुकान अडेल. दुसरं म्हणजे बिलावर पंपाचा सिरियल नंबर आणि वॉरंटीची तारीख यावी म्हणून आम्ही टीडीएल (टॅलीत आपल्याला हवा तो बदल करणारा छोटा प्रोग्राम) करून घेतलं होतं. ज्याने केलं तो आता फोन उचलत नाही.

जावं का? आणि गेलोच तर आत्ता, की १ एप्रिलला?

खतावणी

मी सांगली भागात आठ-दहा व्यापाऱ्यांचे हिशेब बघतो. माझं मत स्पष्ट आहे: जा. पण पंधरा दिवस तयारी केल्याशिवाय जाऊ नका.

आधी एक आकडा तपासा. ई-इनव्हॉइसची (सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या बिलाची) मर्यादा १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी आहे आणि ती फक्त गेल्या वर्षाची उलाढाल बघून ठरत नाही. २०१७-१८ पासून कुठल्याही एका वर्षी ५ कोटी ओलांडले असतील तर बी-टू-बी बिलांना ई-इनव्हॉइस लागतं. एकाच पॅनवर दुसरी शाखा असेल तर तीही धरायची. साडेचार कोटी म्हणजे तुम्ही उंबरठ्यावर आहात. पाइपांचे भाव वाढले, एखादं सरकारी काम मिळालं, की पुढच्या वर्षी तुम्ही आत. तेव्हा घाईत बदलण्यापेक्षा आता सावकाश बदललेलं बरं.

दुसरी गोष्ट डेटाची. प्राइमच्या २.१ पर्यंतच्या आवृत्त्यांत ईआरपी ९ चा डेटा तसाच उघडायचा. २०२३ च्या ३.० पासून मात्र तो मायग्रेट करावा, म्हणजे नव्या रचनेत बदलून घ्यावा लागतो आणि एकदा मायग्रेट झालेली कंपनी जुन्या टॅलीत उघडत नाही. ही वाट एकेरी आहे हे डोक्यात पक्कं ठेवा.

म्हणून मूळ फोल्डरला हात लावायचा नाही. कंपनीचं आकड्याच्या नावाचं फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करा, वेगळ्या लॅपटॉपवर प्राइम टाका आणि तिथे मायग्रेट करून बघा. सात दिवसांची मोफत ट्रायल मिळते. ती संपली तरी एज्युकेशनल मोड राहतो. त्यात महिन्यातल्या १, २ आणि ३१ अशा मोजक्याच तारखांना नोंदी घेता येतात, पण हात बसवायला तेवढं पुरतं.

मायग्रेट करण्याआधी ईआरपी ९ मधून तेरीज (ट्रायल बॅलन्स), स्टॉक समरी आणि बिलवार येणे-देणे यांच्या पीडीएफ काढून ठेवा. नंतर प्राइममधून तेच काढा आणि ओळीला ओळ लावा.

गल्ला

माझं वेगळं मत. लातूरला माझं किरकोळ दुकान आहे, उलाढाल ८० लाख, सगळी गिऱ्हाइकं रोखीची. ईआरपी ९ वरच आहे आणि राहणार. मला ई-इनव्हॉइस नको, दुसरं मशीन नको. नवं आलं म्हणून घ्यायचं हे मला पटत नाही.

खतावणी

@गल्ला, तुमच्या जागी मीही कदाचित हेच केलं असतं. तुमचं बी-टू-बी जवळजवळ शून्य, त्यामुळे एचएसएनची फोड करायचा प्रश्नच येत नाही. कृष्णाकाठ यांच्याकडे कंत्राटदारांची बिलं आहेत, त्यांची गोष्ट निराळी. मशीनवर विंडोज कोणतं ते मात्र बघून घ्या. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला आणि १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. टॅली तेच ठेवलं तरी खालचं मशीन म्हातारं होतंच.

सुतगिरणी_रोड

इचलकरंजीत सुताचा व्यापार आहे. आम्ही कसं करू नये ते सांगतो.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री दुकान बंद झाल्यावर मी स्वतः प्राइम टाकलं आणि थेट चालू डेटाच मायग्रेट केला. बॅकअप होता, पण तो उघडून बघितला नव्हता. सकाळी दुसऱ्या मशीनवर जुनी टॅली तशीच, तिच्यात कंपनी उघडेना. बॅकअप रिस्टोअर करायला गेलो तर तो जानेवारीचा निघाला. अडीच महिन्यांची बिलं एकाच मशीनवर अडकली, आणि वर्षअखेर दहा दिवसांवर. मुलगा आणि मी पाळीपाळीने त्या एका मशीनवर बसायचो. गिऱ्हाईक बिलासाठी पायरीवर थांबलेलं असायचं.

डेटा गेला नाही हे नशीब. पण बॅकअप घेतल्यावर तो दुसऱ्या ठिकाणी रिस्टोअर करून, शेवटचं व्हाउचर कुठल्या तारखेचं आहे ते डोळ्याने बघितल्याशिवाय त्याला बॅकअप म्हणू नका.

आणि मार्चमध्ये नको. १ एप्रिल वहीसाठी चांगला मुहूर्त, पण माणसं तेव्हा आधीच दमलेली असतात.

टीडीएलवाला

बिलाबद्दल. जुनी टीडीएल फाइल प्राइममध्ये कधी जशीच्या तशी चालते, कधी अर्धीच चालते. छपाईचा आराखडा बदललेला असल्यामुळे जास्तीचे रकाने सरकतात. तुमच्याकडे फाइल .टीसीपी असेल तर ती बंद पेटी आहे, कुणालाच आत बघता येणार नाही. .टीडीएल किंवा .टीएक्सटी असेल तर कुठलाही जाणकार दुरुस्त करू शकतो. आधी टॅलीच्या फोल्डरमध्ये कुठली आहे ते बघा. नसेल तर नवीन करून घ्या, आणि पैसे देतानाच मूळ फाइल मागून घ्या.

सिरियल नंबर तुम्ही वर्णनाच्या ओळीत टाइप करत असाल तर कदाचित टीडीएल लागणारही नाही. प्राइममध्ये वर्णन बिलावर छापता येतं.

निळी_शाई

मध्येच विचारते, आमची प्रायव्हेट लिमिटेड आहे. ऑडिटर एडिट लॉग म्हणतात, ते हेच का?

खतावणी

हो. कंपनी कायद्याखालच्या नियमांनुसार १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं, ती नोंद बंद करता न येणारं सॉफ्टवेअर बंधनकारक आहे. ईआरपी ९ मध्ये ते नाही. तुमच्यासाठी टॅलीप्राइम एडिट लॉग ही वेगळी आवृत्ती आहे, साधं प्राइम नको. तुम्ही विचार करत थांबू नका. कृष्णाकाठ यांची भागीदारी आहे, त्यांना हे लागू नाही.

कृष्णाकाठ

मंडळी, मनापासून धन्यवाद. दहा दिवसांनी लिहितोय कारण आधी करून बघायचं होतं.

चुलतभावाच्या लॅपटॉपवर ट्रायल टाकली (प्राइमला ६४-बिट विंडोज लागतं, दुकानातल्या जुन्या मशीनवर ते नाही). फोल्डर पावणेदोन जीबीचं, मायग्रेट व्हायला चाळीस मिनिटं लागली. तेरीज पैशापर्यंत जुळली. येणे-देणेही जुळलं. जीएसटीआर-१ उघडल्यावर मात्र 'अनसर्टन ट्रान्झॅक्शन्स' मध्ये २१२ नोंदी दिसल्या आणि वडिलांचा चेहरा पडला. एकेक उघडून बघितलं तर चुका प्राइमच्या नव्हत्याच. 'नग' या एककाला जीएसटीचं एकक जोडलेलं नव्हतं, आणि काही पार्टींना राज्यच भरलेलं नव्हतं. एकक एकदा जोडल्याबरोबर दीडशेच्या वर नोंदी आपोआप निघून गेल्या. तीच दुरुस्ती आता मूळ डेटातही केली.

दिवाणजींना दोन दिवस शेजारी बसवलं. कंपनी बदलायला ते सवयीने एफ१ दाबायचे आणि मदतीची खिडकी उघडायची. प्राइममध्ये त्याला एफ३ आहे. क्रेडिट नोट कंट्रोल-एफ८ ची ऑल्ट-एफ६ झाली, डेबिट नोट ऑल्ट-एफ५. बाकी एफ४ पासून एफ९ पर्यंत सगळं होतं तिथेच. ऑल्ट-जी दाबून हवा तो रिपोर्ट नावाने शोधता येतो, हे त्यांना फार आवडलं. त्यांनी पंपाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यावर बदललेल्या कळा मार्करने लिहिल्या आणि मॉनिटरखाली चिकटवल्या. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच वडिलांना म्हणाले, "जमंल मला."

टीडीएल .टीसीपीच निघालं. सिरियल नंबर वर्णनात टाकून बघितला, बिलावर नीट येतो. वॉरंटीच्या तारखेसाठी एक जण नवीन करून देतोय, मूळ फाइलसकट.

पुढच्या महिन्यात २० तारखेचा जीएसटीआर-३बी (महिन्याचा कर भरायचं विवरणपत्र) भरून झाला की त्या शनिवारी संध्याकाळी बदलायचं ठरलंय, रविवार हाताशी राहील. एक मशीन नवीन घेतोय. जुनं मशीन ईआरपी ९ आणि जुन्या डेटासकट माळ्यावर न टाकता कोपऱ्यात चालू ठेवणार, फक्त बघण्यासाठी.

एकच विचारायचं राहिलं: ठिबकचे आयटम स्टॉक ग्रुपखाली घेतले तर दर ग्रुपवरच लावता येईल ना?

खतावणी

येईल. ग्रुपवर दर आणि लागू तारीख टाका, पण त्याआधी आयटमवर वेगळा टाकलेला दर काढा, नाहीतर आयटमचाच धरला जाईल. हे शनिवारच्या आधी, कॉपीवर करून बघा.