तुंबा, पाच नाणी आणि दारावरचा अष्टकोनी आरसा

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. बी विंगच्या चौथ्या मजल्यावर एका दाराच्या चौकटीवर अष्टकोनी आरसा लागलाय, तो थेट समोरच्या फ्लॅटच्या दारावर येतो. दोन्ही घरांशी बोलणं झालंय, कुणाचा राग नाही. पण हा आरसा मुळात कुठे लावायचा असतो ते जाणकारांनी सांगावं.

बी-१०१: तो बागुआ आरसा. बागुआ म्हणजे आठ त्रिरेखा, तीन-तीन रेषांच्या आठ खुणा, त्या काठावर कोरलेल्या असतात. चिनी वास्तुपरंपरेत, म्हणजे फेंगशुईत, तो घराबाहेरच लावतात, आत कधीच नाही. ती शोभेची वस्तू नाही, ढाल मानतात. ढाल रोखायची ती दारावर सरळ चालून येणाऱ्या रस्त्यावर, नाहीतर समोरच्या इमारतीच्या धारदार कोपऱ्यावर. माणसाच्या दारावर किंवा खिडकीवर रोखली की चीनमध्येही शेजारी दुखावतात आणि मग आरशाला आरसा लागतो. आपल्या पॅसेजमध्ये समोर दारच येतं. म्हणजे तिथे त्याला जागाच नाही.

बी-४०४: ताई, आज संध्याकाळी काढतो. बाल्कनीत रस्त्याकडे तोंड करून लावला तर चालेल का?

बी-१०१: आधी काच बघा. फुगीर काच समोरचं फेकून पसरवते, सपाट परतवते, खोलगट ओढून घेते, असा समज आहे. तुमच्या बाल्कनीला दुपारनंतर ऊन येतं, तिथे खोलगट अजिबात नको. तो ऊन एका बिंदूत गोळा करतो आणि पडदा किंवा वाळत घातलेला कपडा पेटू शकतो.

मग उलटसुलट तपासा. वर तीन सलग रेषा, खाली तीन तुटक. डाव्या हाताला सलग-तुटक-सलग (अग्नी), उजव्या हाताला तुटक-सलग-तुटक (पाणी). ही फूशी या दंतकथेतल्या चिनी राजाच्या नावची मांडणी. जुन्या चिनी नकाशात दक्षिण वर असते, म्हणून अग्नी डावीकडे म्हणजे पूर्वेला येतो. बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ आरशांची कडी चुकीच्या बाजूला बसवलेली असते आणि लोक कडी बघून टांगतात. कडी नाही, रेषा बघून टांगा.

बी-४०४: आणि दारासमोर दार, त्याचं काय करायचं?

बी-१०१: उंबरठा नीट ठेवा. दाराच्या आत डोक्याच्या उंचीवर दिवा लावा. एवढं पुरतं.

सी-४०२: विषय निघालाच आहे तर विचारते. आजारपणासाठी वू लू, म्हणजे चिनी तुंबा, ठेवा असं सांगितलंय. पितळी घ्यायचा की खरा भोपळा? आणि कुठे?

बी-१०१: वहिनी, दोन्ही चालतात, कामं वेगळी आहेत. मँडरिनमध्ये भोपळ्याला हूलू म्हणतात, कँटोनीजमध्ये वू लू, बाजारातलं नाव तिथून आलं. हूलूचा नाद फू-लूच्या जवळ जातो. फू म्हणजे सुखभाग्य, लू म्हणजे पद आणि मिळकत. कितीतरी चिनी शुभचिन्हं अशी शब्दाच्या नादावरच उभी आहेत. वटवाघळालाही फू म्हणतात, म्हणून पाच वटवाघळं म्हणजे पाच सुखं: दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य, सदाचाराची ओढ आणि आयुष्य पुरं करून आलेलं शांत मरण.

आरोग्याशी भोपळ्याचं नातं मात्र वापरातून आलं. वाळलेल्या भोपळ्यात वैद्य औषध ठेवत. हलका, न गळणारा, कमरेला लटकवता येणारा. उत्तरकालीन हान घराण्याच्या इतिहासात फेइ चांगफांग नावाच्या बाजार-अधिकाऱ्याची गोष्ट आहे. औषधं विकणारा एक म्हातारा दुकानाला मडकं टांगायचा आणि बाजार उठला की त्यात उडी मारून दिसेनासा व्हायचा. माडीवरून ते एकट्या फेइला दिसलं. मूळ शब्द ‘हू’, म्हणजे भांडं. लोकांनी पुढे त्याचा भोपळा केला. आजही वैद्यकी करण्याला चिनी भाषेत ‘भांडं टांगून जगाला तारणं’ म्हणतात.

ए-३०३: आपला दुधी आणि हा भोपळा एकाच जातीचे, फक्त वाण निराळा. दोन पोटांचा, मध्ये कंबर असलेला. मिरजेचे तंबोरे-सतारी होतात तेही याच कुळातल्या भोपळ्यापासून, त्यामुळे वाळवायची रीत आपल्याकडे चांगली ठाऊक आहे.

सी-४०२: काका, गच्चीच्या बागेत लावला तर जमेल का?

ए-३०३: जमेल, घाई करायची नाही. देठ तपकिरी होऊन सुकेपर्यंत फळ वेलावरच ठेवायचं. देठ दोन इंच राखून कापायचं. देठ तुटलं की तिथून बुरशी आत जाते, आणि देठासकट असलेला भोपळाच शुभ मानतात. मग सावलीत, हवेशीर जागी, एकमेकांना न चिकटवता टांगायचे. लहानाला दीड-दोन महिने लागतात, मोठ्याला चार-सहा. वरून काळी-पांढरी बुरशी येईल, घाबरून फेकू नका. साल सुकतेय त्याची ती खूण. हाताला मऊ लागला तरच फेका. आत बिया खुळखुळल्या की झाला.

चुका ठरलेल्या तीन. हिरवाच काढला तर सुरकुतून बसतो. लवकर व्हावा म्हणून उन्हात ठेवला तर तडकतो. आणि पुरता वाळायच्या आत व्हार्निश मारलं तर आतून कुजतो. वाळल्यावर तासभर कोमट पाण्यात बुडवून तारेच्या घासणीनं वरचा पापुद्रा काढायचा, तो सुटतो तशी खालची लोण्याच्या रंगाची साल दिसायला लागते. कोरडा घासत असाल तर तोंडाला मास्क हवाच, ती धूळ छातीला वाईट.

डी-६०१: पितळीबद्दल मी सांगतो. फेंगशुईच्या ‘उडते तारे’ या पद्धतीत दरवर्षी नऊ आकडे नऊ घरांत, म्हणजे आठ दिशा आणि मध्य यांत, फिरतात. २ हा आजाराचा, ५ हा संकटाचा, दोन्ही मातीचे. चिनी पंचतत्त्वं म्हणजे लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी. आपली पंचमहाभूतं वेगळी, दोन्हींची सरमिसळ करू नका. मातीतून धातू निघतो, म्हणून धातू मातीचा जोर शोषतो असं मानतात. म्हणून आजाराच्या दिशेला पितळी वू लू. आणि त्याच कारणानं तिथे लाल दिवा, मेणबत्ती, लाल पडदा नको, कारण अग्नी मातीला वाढवतो. वू लूला लाल गोंडा बांधून विकतात, तो या कामासाठी सोडून ठेवलेला बरा.

सी-४०२: दिशा कशी काढायची दादा?

डी-६०१: वर्षाच्या आकड्यांची एक अंकी बेरीज करा आणि ११ मधून वजा करा. २०२६ चे २+०+२+६ = १०, म्हणजे १. ११ वजा १ = १०, पुन्हा १. म्हणजे २०२६ मध्ये मध्यभागी १. तिथून क्रमाने वायव्य, पश्चिम, ईशान्य, दक्षिण, उत्तर, नैर्ऋत्य, पूर्व, आग्नेय असे पुढचे आकडे भरा, ९ नंतर पुन्हा १. म्हणजे २०२६ मध्ये २ वायव्येला आणि ५ दक्षिणेला. २०२७ मध्ये मध्यभागी ९, तेव्हा २ पश्चिमेला आणि ५ उत्तरेला. बदल १ जानेवारीला होत नाही आणि चिनी नववर्षालाही नाही. सौर पंचांगातल्या ‘लीछुन’ला, म्हणजे ४ फेब्रुवारीच्या सुमारास होतो.

दिशा घराच्या मध्यातून मोजायची, दारातून नाही. प्रत्येक दिशेला ४५ अंश: वायव्य २९२.५ ते ३३७.५, दक्षिण १५७.५ ते २०२.५. मोबाइलचं होकायंत्र लिफ्ट, लोखंडी कपाट, फ्रीज आणि स्लॅबमधल्या सळ्यांजवळ हमखास चुकतं. आपल्या बी आणि सी विंगमध्ये लिफ्टच्या भिंतीला लागून हॉल आहे, तिथला आकडा धरूच नका. लोखंडापासून किमान एक मीटर लांब, तीन ठिकाणी मोजा. तीन आकड्यांत दहा अंशांपेक्षा फरक पडला तर साधं चुंबकसुईचं होकायंत्र घ्या.

सी-४०२: वू लूचं झाकण उघडं ठेवायचं की बंद?

डी-६०१: आजारासाठी बहुतेक जण उघडं ठेवायला सांगतात, तोंड वर. पलंगाच्या उशाजवळच्या टेबलावर. पलंगावर टांगायचा नाही, एक किलोचं पितळ डोक्यावर पडलं तर काय होईल ते सांगायला नको. पोकळ, सात-आठ इंची पुरे.

ए-२०५: इथे मी मध्ये बोलते. उशाशी काहीही ठेवा, मन शांत होतं तर चांगलंच आहे. गोळ्या, इन्सुलिन, बीपीची औषधं यांच्या वेळा चुकवायच्या नाहीत आणि डोस स्वतः कमी करायचा नाही. दुसरं, ‘सिनाबार’चे लाल मणी, ताईत ऑनलाइन मिळतात. सिनाबार म्हणजे आपला हिंगूळ, पाऱ्याचं संयुग. बहुतेक मणी नुसत्या लाल राळेचे असतात, पण खरा असेल तर तापवायचा नाही, धूप-निखाऱ्याजवळ न्यायचा नाही, तोंडात घालणाऱ्या बाळाला तर मुळीच द्यायचा नाही. ताओ या चिनी पंथातले पिवळ्या कागदावरचे मंत्र हिंगुळानं लिहितात, काही जण ते जाळून राख पाण्यात घालून देतात. ते पाणी कुणी पिऊ नये. ड्रॅगन बोट या चिनी सणाला दारूत ‘शियोंगहुआंग’ घालायची चाल होती, ती म्हणजे मनशीळ. त्यात आर्सेनिक असतं.

बी-१०१: डॉक्टर ताईंनी बरं केलं. त्या सणाच्या निरुपद्रवी गोष्टी पुष्कळ आहेत. चांद्र पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी, २०२६ मध्ये १९ जूनला, दाराला वेखंडाची पानं आणि दवण्याच्या जातकुळीतल्या एका वनस्पतीची जुडी टांगतात. उन्हाळ्यातले रोग आणि किडे दूर राहावेत म्हणून. वेखंडाचं पान तलवारीसारखं लांब, म्हणून ते रोगाला कापतं असं म्हणतात. आपल्याकडे बाळाला वेखंड लावतात ते हेच झाड. मुलांच्या मनगटाला पाच रंगांचा रेशमी दोरा बांधतात: हिरवा-निळा, लाल, पिवळा, पांढरा, काळा. त्याला ‘दीर्घायुष्याचा दोरा’ म्हणतात. बाळाच्या मनगटाला बांधाल तर खालून बोट सहज गेलं पाहिजे, झोपताना काढून ठेवा.

डी-४०३: पाच सम्राटांची नाणी मागवली आहेत. ती खरी असतात का?

ए-३०३: बहुतेक प्रतिकृतीच. वापरायला हरकत नाही, पण खऱ्याचे पैसे देऊ नका. ही पाच नाणी चिंग घराण्यातल्या लागोपाठच्या पाच सम्राटांची: शुनझी, कांगशी, योंगझेंग, चियानलोंग, जियाचिंग. १६४४ ते १८२०. एकट्या कांगशीनं ६१ वर्षं राज्य केलं. घराण्याचा सगळा भरभराटीचा काळ यात येतो आणि नाणी असंख्य हातांतून फिरलेली, म्हणून ती निवडली. बाहेरून गोल म्हणजे आकाश, आत चौकोन म्हणजे पृथ्वी, आणि सम्राट म्हणजे माणूस.

चौकोनी भोकाला कारागिरीचंही कारण आहे. नाणी ठोकून पाडलेली नाहीत, साच्यात ओतलेली. ओतल्यावर कडेला खरखरीत शिवण राहते. चौकोनी दांड्यावर शेकडो नाणी ओवली की ती गरगर फिरत नाहीत आणि सगळ्यांच्या कडा एकदम कानशीनं घासता येतात. म्हणून खऱ्या नाण्याची कड भिंगाखाली बघा, कानशीचे बारीक ओरखडे दिसतात.

तपासायचं असं. लोहचुंबक लावा, चिकटलं तर आत लोखंड, वर मुलामा. वजन साधारण साडेतीन ते पाच ग्रॅम, व्यास २३ ते २८ मिमी. पाचही नाणी मापानं आणि रंगानं हुबेहूब सारखी असतील तर ती एकाच कारखान्यातली, कारण १७६ वर्षांत मिश्रण आणि माप दोन्ही बदलत गेलं. पाचांत योंगझेंगचं सगळ्यांत कमी मिळतं, त्याची कारकीर्द जेमतेम १३ वर्षांची. स्वस्त संचात योंगझेंग चकचकीत दिसला की सावध व्हा.

डी-४०३: सुलटी बाजू कुठली काका?

ए-३०३: चार चिनी अक्षरांची, तिला यांग म्हणतात. वाचायची वर, खाली, उजवी, डावी: आधी सम्राटाच्या राजवटीचं नाव, मग ‘तोंगबाओ’, म्हणजे चलनी नाणं. उलट्या बाजूला बहुधा मांचू लिपीतले (चिंग राजघराण्याच्या लिपीतले) दोन शब्द, त्यांतला एक टांकसाळीचा. घासून चमकवू नका. चिंच, लिंबू, पितळ घासायची पावडर, काही नको. वरचा जुना थर निघाला की नाणं मेलं. डिस्टिल्ड पाणी आणि मऊ ब्रश, बस.

ओवायला दीड मिमी जाडीची लाल दोरी एक मीटर. मधोमध दुमडून वर टांगायचा फास ठेवून गाठ मारा. शुनझी सगळ्यांत वर. एक टोक भोकातून पुढून मागे, दुसरं मागून पुढे, मग नाण्याखाली दोन्ही टोकं ओढून सरळ गाठ. म्हणजे नाणं सपाट राहतं, गिरकी घेत नाही. पुढचं नाणं तसंच. सगळ्या यांग बाजू एकाच अंगाला. दाराच्या आतल्या बाजूला टांगतात किंवा उंबरठ्याखाली ठेवतात.

सी-४०२: मिठाच्या पाण्यातली नाणी म्हणतात ती हीच का?

डी-६०१: ती सहा घेतात, सहा हा धातूचा आकडा, आणि ती ५ च्या दिशेला. यासाठी प्रतिकृतीच वापरा, खरी नाणी खराब होतील. काचेचा ग्लास, दोन तृतीयांश खडे मीठ, वर सहा नाणी यांग बाजू वर, मग पाणी काठापर्यंत. खाली खोल बशी हवीच. काही आठवड्यांत मीठ काचेवरून चढून बाहेर येतं आणि नाण्यांभोवती हिरवा थर धरतो. मीठ जितकं चढेल तितकं संकट शोषलं असं म्हणतात. खरं तर पाणी उडून जाताना खार काठाबाहेर सरकतो, उन्हाळ्यात जास्त. पाणी कमी झालं की वरून घाला, ग्लास हलवू नका. मार्बलवर, टीव्हीजवळ, स्विचबोर्डखाली ठेवू नका, खार धातू आणि दगड दोन्ही खातो. तो हिरवा थर विषारी आहे, मुलांच्या आणि मांजरांच्या हाती लागणार नाही अशा उंचीवर ठेवा. फेब्रुवारीत सगळं गुंडाळून टाकून द्यायचं, झाडांच्या कुंडीत ओतायचं नाही.

बी-४०४: आरसा काढलाय. फुगीर निघाला, आणि तीन तुटक रेषा वर होत्या.

सेक्रेटरी: आभार. पॅसेजमध्ये यापुढे कुणाच्याच दाराकडे आरसा नको, एवढं नोंदवतो.

ए-३०३: रविवारी सकाळी दहाला क्लबहाऊसमध्ये लोहचुंबक, भिंग आणि ग्रॅमचा काटा घेऊन बसतो. ज्यांची नाणी असतील त्यांनी आणावीत. जशी आहेत तशी आणा, घासून नको.