मदत हवी आहे: तरुण संघाचे स्वयंसेवक थकत चाललेत

सर्वांना सलाम. आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघाची जबाबदारी माझ्याकडे आहे. पोरं येतात, गातात, प्रश्नही विचारतात. त्यांची काळजी नाही. काळजी आहे ती त्यांना सांभाळणाऱ्या पाच जणांची.

गेल्या रविवारी सभा संपल्यावर त्यांच्यातली एक ताई एकटीच खुर्च्या रचत होती. मी हात लावायला गेलो तर किल्ल्या माझ्या हातात ठेवून म्हणाली, "पुढच्या महिन्यापासून नाही जमणार." कारण विचारलं तर बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "इथं मला सगळे काम सांगायलाच फोन करतात." खरं सांगतो, त्यात मीही आलोच.

बायबलमधल्या निर्गम 18 मध्ये लोकांचा पुढारी असलेल्या मोशेला त्याचा सासरा इथ्रो सांगतो की तू एकटा थकून जाशील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. आम्ही नेमली, पण त्यांचीही दमछाक होते हे ध्यानात घेतलं नाही. 'सेवा आहे' म्हटलं की नाही म्हणायची सोयच उरत नाही, हे मला आता खटकतं.

तुमच्याकडे स्वयंसेवकांना ठरावीक मुदत असते का, म्हणजे वर्षभर काम आणि मग सुट्टी? त्यांच्यासाठी वेगळी प्रार्थना-बैठक घेता का, की ती आणखी एक बैठकच होते? आणि मुलांबरोबर कायम दोन मोठी माणसं हवीत, हा नियम आम्हाला मोडायचा नाही; मग माणसं कमी पडली की काय करता? सत्कार-शाल नको, ते करून झालंय.